छत्तीस चौकटींचा हिशेब
चेन्नईच्या उन्हात फिल्म कॅमेरा शिकताना

छायाचित्रण आज प्रत्येकाच्या खिशात येऊन पोहोचले आहे. भ्रमणध्वनीवर बोट टेकवताच चित्र उमटते, न आवडल्यास क्षणात पुसता येते आणि या साऱ्यासाठी प्रकाशाचा विचारही करावा लागत नाही. असे असूनही कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फिल्म कॅमेऱ्याविषयीचे कुतूहल अलीकडे पुन्हा जागे झाले आहे. वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा हाती येतो, त्यावरील आकडे पाहून नवी पिढी गोंधळते आणि पहिला रोल बहुधा वाया जातो. दोष यंत्राचा नसतो. हाताने चालवायचा कॅमेरा स्वतः काहीच ठरवीत नाही. प्रकाश किती, वेळ किती आणि अंतर किती, हे तिन्ही निर्णय तो माणसावर सोपवितो. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये साधारणपणे ३६ चौकटी असतात. प्रत्येक चौकट एकदाच खर्च करता येते आणि खर्च योग्य झाला की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळते. म्हणूनच बटण दाबण्यापूर्वी हिशेब करावयाचा असतो. ही शिस्त अंगी बाणविण्यासाठी चेन्नईइतके कडक आणि तितकेच उदार शहर क्वचितच सापडेल.

मद्रासची जुनी शाळा

छायाचित्रणाचे शिक्षण या शहराला नवे नाही. डॉ. अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने १८५० मध्ये मद्रास येथे कलाशाळा सुरू केली. तीच संस्था आज शासकीय ललित कला महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकातच तेथे छायाचित्रणाला स्थान मिळाले. हंटर यांच्याच पुढाकाराने मद्रासमध्ये छायाचित्रण संस्थाही उभी राहिली. मुंबईत अशी संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. म्हणजे युरोपात ही कला जाहीर झाल्यानंतर पंधरा-वीस वर्षांतच ती भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर रुजली होती.

याच काळात, १८५६ मध्ये, कॅप्टन लिनियस ट्राइप यांची मद्रास इलाख्याचे सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या कॅमेऱ्यात सेल्युलॉइडची फिल्म नव्हती. मेण लावून पारदर्शक केलेला, रसायनात भिजवून वाळविलेला मोठा कागद होता. दक्षिणेच्या उष्णतेत ओल्या काचेपेक्षा हा कोरडा कागद सोयीचा ठरे. मात्र त्यावर प्रतिमा उमटण्यास सेकंद नव्हे, मिनिटे लागत. आकाश त्यावर नीट उतरत नसे, म्हणून काही निगेटिव्हांवर ट्राइप यांनी ढग हाताने रंगविले.

१८५८ मध्ये ते तंजावरला पोहोचले. मराठी वाचकांस हा काळ विशेष जवळचा वाटेल. तंजावरचे अखेरचे भोसले राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये निवर्तले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले, त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. ज्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, त्याच मंदिराच्या विमानाच्या जोत्यावरील प्राचीन शिलालेख ट्राइप यांना टिपावयाचे होते. लेख लांबच लांब आणि कॅमेऱ्याची दृष्टी मर्यादित! ट्राइप यांनी कॅमेरा जोत्याच्या कडेने टप्प्याटप्प्याने सरकवीत नेला आणि वेगवेगळी चित्रे घेऊन एकवीस छापे एकमेकांस जोडले. त्यातून सुमारे १९ फूट लांबीचे एक सलग चित्र तयार झाले.

या पट्टीत फिल्म कॅमेऱ्याचा सारा पाठ सामावलेला आहे. प्रत्येक वेळी भिंतीपासूनचे अंतर सारखे ठेवावयाचे, प्रकाश सरकण्याचे भान राखावयाचे आणि प्रत्येक कागदाला सारखाच उजेड द्यावयाचा. एखादा कागद कमी-अधिक उजळला असता तर पट्टीवर तो ठिगळासारखा दिसला असता. आधीचा कागद कसा उतरला, हे पुढचा उघडताना पाहण्याची सोय नव्हती. हाती होता तो केवळ अनुभव आणि हिशेब.

पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झालेल्या सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना सरकारी छायाचित्रणाचा हा खर्च चैनीचा वाटला आणि तो उपक्रम गुंडाळण्यात आला. शिलालेखाची पट्टी मात्र टिकून राहिली.

तीन आकडे, एक निर्णय

ट्राइप यांचा जड लाकडी पेटारा आणि विसाव्या शतकातील पेंटॅक्स के १००० किंवा निकॉन एफएम २ यांसारखा हाती मावणारा कॅमेरा यांत रूपाचा फरक पुष्कळ असला, तरी तत्त्व एकच आहे. बंद पेटीत प्रकाश ठरावीक प्रमाणात आत सोडावयाचा असतो. घागर नळाखाली भरावी तसे हे काम आहे. तोटी अधिक उघडली तर घागर लवकर भरते, कमी उघडली तर वेळ लागतो. घागर लहान की मोठी, तेही पाहावे लागते. कॅमेऱ्यात तोटीची जागा लेन्समधील छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर घेते, वेळ शटर मोजते आणि घागरीचे माप फिल्मच्या संवेदनक्षमतेवरून ठरते.

फिल्मच्या वेष्टनावर १००, २०० किंवा ४०० असा आयएसओ आकडा छापलेला असतो. आकडा दुप्पट झाला की फिल्मला निम्मा प्रकाश पुरतो. रोल घातल्याबरोबर हा आकडा कॅमेऱ्याच्या चकतीवर लावावा. अन्यथा आतील प्रकाशमापक संपूर्ण रोलभर चुकीचा सल्ला देत राहतो.

लेन्सच्या कड्यावर २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे दिसतात. येथे नवशिका हमखास अडखळतो, कारण आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा येतो. भाजक लहान झाला की भागाकार वाढतो, इतके लक्षात ठेवले की कोडे सुटते. एका आकड्यावरून पुढच्यावर गेले की प्रकाश निम्मा होतो. शटरच्या चकतीवरील ६०, १२५, २५०, ५०० हे आकडे सेकंदाचे अंश आहेत. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. तेथेही प्रत्येक पायरीला वेळ निम्मा होतो.

दोन्ही कड्यांवरील पायऱ्या अशा समान असल्यामुळे एकीकडे वजा केलेले दुसरीकडे जमा करता येते. छिद्र १६ आणि वेळ १/१२५ यांतून फिल्मवर जितका प्रकाश पडतो, तितकाच ११ आणि १/२५०, तसेच ८ आणि १/५०० यांतूनही पडतो. बेरीज तीच राहते. चित्र मात्र बदलते. लहान वेळ धावत्या माणसाला जागच्या जागी थांबवितो, मोठा वेळ त्याची रेघ ओढतो. लहान छिद्र जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट ठेवते, मोठे छिद्र एकाच अंतरावर दृष्टी खिळविते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरील माणसाचे चित्र २.८ वर घेतल्यास जेमतेम पाव मीटर खोलीचा भाग स्पष्ट उतरतो. तेच १६ वर घेतल्यास साधारण दीड मीटरपासून सव्वातीन मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट दिसते. हात थरथरण्याची भीती असल्यास या लेन्सला १/६० पेक्षा अधिक वेळ देऊ नये, हा जुना आणि उपयुक्त दंडक आहे.

उन्हाची ओळख

चेन्नई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर वसलेले आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात माणसाच्या कपाळावर झगझगीत उजेड आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख असतो. डोळा दोन्ही पाहू शकतो, कारण तो क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतो. फिल्मला ही मुभा नाही.

निरभ्र उन्हासाठी जुन्या छायाचित्रकारांचा एक सुटसुटीत नियम आहे. छिद्र १६ वर ठेवावे आणि शटरचा आकडा फिल्मच्या आयएसओ आकड्याच्या जवळचा घ्यावा. १०० च्या फिल्मला १/१२५ आणि ४०० च्या फिल्मला १/५०० वेळ द्यावा. ऊन धुरकट असेल तर छिद्र ११, ढगाळ असेल तर ८, आभाळ दाटून आले असेल तर ५.६ आणि मोकळ्या सावलीत ४ असे उतरत यावे. मरीना किनाऱ्यावरील वाळू प्रकाश परावर्तित करीत असल्याने तेथे भर उन्हात उलट एक पायरी कमीच प्रकाश द्यावा. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत हीच उतरंड दिवसभरात अनेकदा चढावी-उतरावी लागते. मापकाची विद्युतघटिका संपली तरी या नियमावर रोल पूर्ण करता येतो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाचा स्वभावही ओळखून असावे. समोरची वस्तू मध्यम करड्या छटेची आहे, असे तो नेहमीच गृहीत धरतो. शुभ्र वेष्टी नेसलेल्या माणसावर तो रोखला तर तो प्रकाश कमी करावयास सांगतो आणि वेष्टी मळकट उतरते. गर्द काळ्या-जांभळ्या कांजीवरमवर रोखला तर प्रकाश वाढवावयास सांगतो आणि रेशमाची गर्दता हरवते. सोपा उपाय असा की, विषयावर पडणाऱ्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून त्यावर माप घ्यावे आणि एक पायरी प्रकाश अधिक द्यावा, कारण तळहात करड्या छटेहून साधारण तितका उजळ असतो.

निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बराच सोसते. कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. सावलीतील तपशील फिल्मवर उमटलाच नाही तर पुढे कोणत्याही युक्तीने तो आणता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा सावलीकडे पाहून माप घ्यावे. पारदर्शिकेच्या म्हणजे स्लाइडच्या फिल्मला हाच नियम उलटा लागू पडतो.

सूर्य कोणत्या दिशेला आहे, याचे भान हा पुढचा पाठ. मरीनावर सूर्य समुद्रातून उगवतो. समुद्राकडे तोंड करून चित्र घेतल्यास कोळ्यांच्या होड्या काळ्या आकृतींसारख्या उतरतात, तर पाठ फिरविली की तोच कोवळा उजेड माणसांच्या चेहऱ्यावर पडतो. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा तलाव मंदिराच्या पश्चिमेस आहे. तलावाच्या काठावरून गोपुर टिपावयाचे असेल तर उतरते ऊन अनुकूल ठरते. महाबलीपुरमचे भव्य कातळशिल्प पूर्वाभिमुख आहे. सकाळचे तिरपे ऊन हत्तींच्या आणि गंधर्वांच्या आकृतींना उठाव देते. दुपारनंतर शिल्प सावलीत जाते आणि दगड सपाट दिसू लागतो. दगड तोच, कॅमेराही तोच. चित्र ठरते ते घड्याळावर.

पहिला रोल

रोल भरताना सावलीत उभे राहावे. फिल्मचे टोक पलीकडच्या फिरकीत नीट अडकवावे, झाकण लावावे आणि कळ ओढताना डावीकडील गुंडाळण्याची खुंटीही फिरते की नाही, हे पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही. छत्तीस वेळा बटण दाबूनही कोरी फिल्म हाती येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. रोल संपल्यावर तळाचे बटण दाबून फिल्म पूर्ण मागे गुंडाळल्याखेरीज झाकण उघडू नये.

पहिला रोल सुंदर चित्रांसाठी नव्हे, अभ्यासासाठी राखून ठेवावा. बारा विषय निवडावेत. प्रत्येकाची तीन चित्रे घ्यावीत : एक मापाप्रमाणे, एक एक पायरी कमी प्रकाशाचे आणि एक एक पायरी अधिक प्रकाशाचे. विषय विविध असावेत. दारातील रांगोळी, ओसरीच्या सावलीतील चेहरा, भर उन्हातील रस्ता, बाजारातील फुलांची पाटी, दिव्याखालील वाचक, धावती बस असे काहीही चालेल. लहान वहीत चौकटीचा क्रमांक, छिद्र, वेळ आणि उजेडाचे वर्णन त्याच क्षणी लिहावे. आजच्या स्कॅनमध्ये यंत्र स्वतःहून उजळपणा सुधारते. म्हणून धुऊन आलेली निगेटिव्हची पट्टी उजेडात धरून वहीशी ताडून पाहावी. कोठे सावली रिकामी राहिली, कोठे उजेड गच्च झाला, हे त्यातून कळते. खातेपुस्तकातील नोंदींवरून जमाखर्च उमगावा, तसे या वहीतून स्वतःचे डोळे उमगू लागतात.

दुसऱ्या रोलमध्ये फोकसचा सराव करावा. रस्त्यावरील हालचाल टिपताना प्रत्येक वेळी फोकस जुळविण्यास उसंत नसते. ५० मिलिमीटरची लेन्स १६ या छिद्रावर ठेवून फोकस पाच मीटरच्या थोडा पुढे लावल्यास सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट उतरते. मग कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबणे, इतकेच उरते.

उष्मा आणि दमट हवा

चेन्नईचे ऊन फिल्मला चित्र देते आणि तेथील उष्मा व दमटपणा ते हिरावूनही घेऊ शकतात. कृष्णधवल फिल्म धुण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते. चेन्नईत उन्हाळ्यात नळाचे पाणीच याहून कितीतरी गरम असते. द्रावण गरम झाले की क्रिया झपाट्याने होते. २० अंशांना दहा मिनिटे लागणाऱ्या कामाला २४ अंशांना साधारण सात मिनिटे पुरतात. वेळ पाच मिनिटांखाली गेला तर फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका असतो. म्हणून द्रावणाच्या बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवून थंड कराव्यात. बर्फ द्रावणात टाकू नये. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानांत फार अंतर पडू देऊ नये. रंगीत निगेटिव्हचे द्रावण मात्र सुमारे ३८ अंशांवर वापरावयाचे असते, त्यामुळे तेथे उष्म्याची अडचण उरत नाही.

न वापरलेली फिल्म शीतकपाटात ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तास-दोन तास वेष्टन उघडू नये, नाहीतर दमट हवेतील बाष्प तिच्यावर साचते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कॅमेरा विसरू नये. समुद्रकाठाहून परतल्यावर खारट हवेचा थर मऊ कापडाने पुसावा. लेन्स कातडी पेटीत महिनोन्महिने बंद ठेवल्यास तिच्यावर बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणे, त्या वेळोवेळी वाळविणे आणि अधूनमधून कॅमेरा वापरात ठेवणे, हे स्वस्त आणि खात्रीचे उपाय आहेत.

जपून ठेवावयाची ठेव

एके काळी फिल्मही याच राज्यात तयार होत असे. निलगिरीतील उदगमंडलम येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ या नावाने फिल्म आणि कागद बाजारात आणीत असे. डिजिटल छायाचित्रणाच्या रेट्यात हा कारखाना टिकला नाही. आज रोल परदेशातून येतो आणि त्याची किंमतही मोजूनच द्यावी लागते. प्रत्येक चौकटीचा विचार करण्यास हे आणखी एक कारण.

कारखाना गेला तरी त्या काळातील निगेटिव्ह घराघरांतून अजून आहेत. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याने घेतलेली बारशाची, मुंजीची आणि पहिल्या प्रवासाची चित्रे अनेकदा वृत्तपत्राच्या कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी पडलेली असतात. अ‍ॅसिटेटची जुनी फिल्म उष्म्यात व दमट हवेत कुजू लागली की तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. तो वास आला की ती फिल्म इतरांपासून वेगळी करावी आणि तिची प्रत लवकर करून घ्यावी. चांगल्या निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, कोरड्या जागी आणि शक्यतो उंच फळीवर ठेवाव्यात. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईतील असंख्य घरांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा खालच्या फळीवरील ठेव पहिल्यांदा भिजते, हे त्या शहराने अनुभवले. भिजलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळुवार सुट्या कराव्यात आणि धूळ नसलेल्या जागी टांगून वाळवाव्यात.

जो स्वतः एक रोल भरतो, मोजून खर्च करतो आणि धुतलेली पट्टी उजेडात धरून पाहतो, त्याला पेटीतील या जुन्या पट्ट्या वाचता येऊ लागतात. कोणत्या वेळी, कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून कोणीतरी आपल्या माणसांकडे पाहिले होते, हे त्याच्या ध्यानात येते. त्या माणसांपैकी कितीतरी आज नाहीत आणि ती चौकट पुन्हा घेता येणार नाही. फिल्म कॅमेरा शिकण्याचा आरंभ नव्या रोलने होवो, पण त्याच आठवड्यात घरातील ती जुनी पेटीही उघडली जावी.